नागपूर परिसरातील झुडपी जंगल, गायरान आणि इतर सार्वजनिक जमिनींचे रक्षण कसे करावे

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निकालात, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच आहेत असे स्पष्ट केले, आणि अनेक दशके महसूल व वन या दोन विभागांच्या मध्ये लोंबकळत राहिलेल्या जमिनींचा दर्जा त्यामुळे निश्चित झाला. हे सहा जिल्हे १९५६ पूर्वी जुन्या मध्य प्रदेशात होते. गुरांची चराई, सरपण, कुंपणाच्या काट्या अशा गावाच्या रोजच्या गरजांसाठी राखलेल्या मुरमाड, खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनी तेथील महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या होत्या आणि राज्य पुनर्रचनेनंतर त्या नोंदी जशाच्या तशा आपल्याकडे आल्या. पुढे त्याच जमिनींवर शाळा, सरकारी कार्यालये, दहनघाट आणि वस्त्या उभ्या राहिल्या. नागपुरातील उच्च न्यायालयाची इमारतसुद्धा अशाच जमिनीवर असल्याचे या प्रकरणात पुढे आले. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वनव्यवस्थापनास योग्य नाही, म्हणून ती वनाच्या व्याख्येतून वगळावी, अशी राज्य शासनाची भूमिका होती. न्यायालयाने ती सरसकट मान्य केली नाही.

हा निकाल एकटा आलेला नाही. वन संरक्षण कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, अधिसूचित न झालेली पण प्रत्यक्षात वन असलेली जमीन कायद्याच्या कक्षेबाहेर जाईल, अशी भीती निर्माण झाली होती. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशातील वनाची व्यापक व्याख्या तूर्त कायम ठेवली. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, भरपाईची जमीन उपलब्ध करून दिल्याशिवाय वनक्षेत्र घटेल असे कोणतेही पाऊल केंद्राने वा राज्यांनी उचलू नये, असे बजावले गेले. १५ मे २०२५ रोजी पुण्यातील कोंढव्याच्या वनजमिनीच्या प्रकरणात, महसूल विभागाच्या ताब्यात राहिलेली राखीव वनाची जमीन खाजगी व्यक्तींना वा संस्थांना दिली गेली आहे काय, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमण्यास सांगण्यात आले. दीड वर्षाच्या आत एवढे आदेश येणे ही मोठी प्रगती आहे. परंतु आदेश राज्याला उद्देशून असतो आणि जमीन मात्र एका मौजातील, म्हणजे महसुली गावातील, एका खसरा (भूमापन) क्रमांकावर असते. त्या खसऱ्याची नोंद काय आहे, तेथे आज प्रत्यक्षात काय आहे आणि त्याबाबत कोणत्या अधिकाऱ्याला काय कळवले गेले आहे, ही साखळी कोणीतरी जोडावी लागते. ती नागरिकाने कशी जोडावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी जमिनीचा प्रकार ठरवावा

लोकांच्या बोलण्यात ‘सरकारी जागा’ हा एकच शब्द असतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने या जागा निरनिराळ्या असतात आणि प्रत्येकीचा रखवालदार वेगळा असतो. राखीव वन आणि संरक्षित वन ही भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली अधिसूचित असतात आणि त्यांचा कारभार वनविभागाकडे असतो. झुडपी जंगलाची नोंद महसुली दप्तरात असते, मात्र त्याला आता वनजमिनीचे संरक्षण आहे. गायरान, गुरांची आखर (गुरे एकत्र थांबण्याची जागा), पांदण, दहनघाट, बोडी (लहान तळे) आणि तलाव या गावाच्या वापराच्या जमिनी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या चौकटीत येतात. वऱ्हाडात यांनाच बहुधा ‘ई-क्लास’ म्हणतात, आणि नागपूरच्या माणसाने अमरावती-अकोल्याकडचा सातबारा वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. शहरात नझूलची, म्हणजे शासनाच्या मालकीची, जमीन, महानगरपालिका व नागपूर सुधार प्रन्यास यांच्या ताब्यातील जागा आणि विकास आराखड्यात उद्यान किंवा मैदान म्हणून आरक्षित केलेले भूखंड असतात. प्रकार चुकला तर अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो, तेथून ‘हा विषय आमच्या अखत्यारीतील नाही’ असे उत्तर येते आणि त्यात कित्येक महिने निघून जातात.

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे मौजा, पटवारी हलका क्रमांक आणि खसरा किंवा गट क्रमांक शोधणे. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा आणि महाभूनकाशावर त्या गटाचा नकाशा विनामूल्य पाहता येतो. फोनवरील नकाशात जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवावेत आणि शेजारच्या गटांचे क्रमांकही लिहून घ्यावेत, कारण जुना खसरा क्रमांक आणि नवा गट क्रमांक यांत फरक पडलेला असतो. शहराच्या हद्दीत सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढावी लागते.

सातबाऱ्यावर केवळ ‘सरकार’ असे लिहिलेले दिसले म्हणून थांबू नये. माझ्या मते या कामातील सर्वांत महत्त्वाचा कागद सातबारा नसून निस्तार पत्रक हा आहे. कोणती जमीन चराईसाठी, कोणती सरपणासाठी, कोणती दहन-दफनासाठी आणि कोणती झुडपी जंगल, हे गावनिहाय सांगणारे हे पत्रक विदर्भातील गावांच्या दप्तरात असते, आणि जमीन महसूल संहितेनेही ते कायम ठेवले आहे. त्याच्या जोडीला असलेल्या वाजिब-उल-अर्जात, खाजगी जमिनीतून जाणारी वाट, पाणी घेण्याचा हक्क, मासेमारी अशा वहिवाटी लिहिलेल्या असतात. सातबाऱ्याचे संगणकीकरण होताना किंवा गटवारी बदलताना एखादा शब्द गळलेला असू शकतो, परंतु निस्तार पत्रकातील जुनी नोंद सहसा शाबूत असते. झुडपी जंगलाचा वाद तर मुळात याच नोंदींवर उभा आहे.

कागद कसे मिळवावेत

ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्यांना आजही पटवारी म्हणतो त्यांच्याकडे, गाव नमुना एक आणि त्याच्या उपनोंदवह्या असतात. त्यांपैकी गाव नमुना एक-अ ही वनजमिनीची नोंदवही असते आणि एक-ई ही अतिक्रमणांची. या दोन नोंदवह्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर बरेच काही समजते. जमिनीवर पक्के बांधकाम उभे आहे आणि एक-ई मध्ये त्याची नोंदच नाही, असे आढळल्यास तक्रारीचा पहिला मुद्दा तोच असावा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, अधिकार अभिलेख आणि जुन्या फेरफारांच्या प्रमाणित नकला मागाव्यात. साध्या छायाप्रतीला सुनावणीत वजन राहत नाही, म्हणून नक्कल प्रमाणितच घ्यावी.

वनविभागाची बाजू तपासण्यासाठी नागपूरकरांना एक सोय आहे. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय म्हणजे वनभवन, राज्य जैवविविधता मंडळ आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय ही तिन्ही याच शहरात आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही येथेच आहे. २०२४ च्या आदेशानंतर केंद्रीय मंत्रालयाने राज्यांच्या तज्ज्ञ समित्यांनी निश्चित केलेल्या वनक्षेत्रांचे अहवाल आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्यांत आपले गाव सापडते का ते पाहावे. सापडले नाही, तरी त्यावरून जमीन वन नाही असा निष्कर्ष काढू नये.

सरळ मागणी करून कागद मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी हा अर्ज ऑनलाइनही करता येतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळावे लागते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर शक्यतो १५० शब्दांच्या आत असावा. त्यामुळे राग, पार्श्वभूमी आणि विशेषणे वगळून केवळ कागदांची नावे लिहावीत. ‘अतिक्रमण का काढले नाही?’ असा प्रश्न विचारल्यास, कारणे सांगणे हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असे उत्तर मिळते. त्याऐवजी ‘अतिक्रमणाबाबत बजावलेल्या नोटिसांच्या प्रती’ मागाव्यात. झुडपी जंगलासाठी पुढील मजकूर उपयोगी पडेल:

“मौजा ……, प.ह.नं. ……, तालुका ……, जिल्हा नागपूर येथील खसरा क्रमांक …… या जमिनीबाबत पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: निस्तार पत्रक व अधिकार अभिलेखातील नोंद, गाव नमुना एक-अ व एक-ई मधील नोंद, १२ डिसेंबर १९९६ पूर्वी व त्यानंतर झालेले वाटप, भाडेपट्टा किंवा वर्गवारीतील बदल यांचे आदेश, वनविभागाकडे ताबा दिला असल्यास ताबा पावती, तसेच मा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानंतर या जमिनीबाबत झालेला पत्रव्यवहार. या अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करण्याची परवानगीही मिळावी.”

यातील १२ डिसेंबर १९९६ या तारखेला निकालात मध्यवर्ती स्थान आहे. त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या झुडपी जमिनींबाबत राज्याने केंद्राकडे एकत्रित मंजुरी मागावी, आणि त्यानंतरची वाटपे मंजुरीसाठी पाठवायची असतील तर ती का केली याची कारणे व ती करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे द्यावीत, असे निकाल सांगतो. म्हणून वाटपाच्या आदेशावरील तारीख हाती येणे हे निम्मे काम झाल्यासारखे आहे. प्रत्यक्ष पाहणीची मागणीही कधी सोडू नये, कारण फाईल समोर घेऊन बसल्यावर, ज्या टिपणीची आपल्याला कल्पनाच नव्हती अशी टिपणी बरेचदा सापडते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील करावे, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे.

जागेवरची पाहणी

पाहणीला एकट्याने जाऊ नये. गावातील किंवा वस्तीतील दोन-तीन माणसे, शक्य असल्यास ग्रामपंचायत सदस्य आणि गुरे चारणारे एखादे जाणते गृहस्थ सोबत घ्यावेत, कारण जुन्या सीमा, नाल्याचा मूळ ओघ आणि पांदण कोठून जात होती हे त्यांना ठाऊक असते. छायाचित्रांवर तारीख आणि स्थान उमटेल अशी व्यवस्था करावी, आणि प्रत्येक छायाचित्रात एखादी कायमची खूण, जसे विजेचा खांब, मंदिर, पूल किंवा सीमेचा दगड, दिसेल असे पाहावे. उपग्रह-नकाशांवरील जुन्या वर्षांची चित्रे उतरवून घेतल्यास बांधकाम किंवा भराव केव्हा सुरू झाला ते दाखवता येते.

झुडपी जंगलाच्या बाबतीत जैवविविधतेची नोंद आवर्जून करावी. या जमिनी पाहणाऱ्याला ओसाड वाटतात आणि ‘पडीक’ हा शिक्का त्यांच्यावर त्यामुळेच बसतो. प्रत्यक्षात पळस, हिवर, बोर, टेंभुर्णी आणि गवताळ पट्टे यांचे हे मिश्रण तितर, खोकड, मुंगूस, लांडगा यांचे घर असते, आणि गावाच्या शेळ्या-गुरांचा उन्हाळाही त्यावरच निभतो. पाऊस संपताना आणि ऐन उन्हाळ्यात अशा दोन वेळी नोंदी केल्या तर ‘येथे काहीच नाही’ या विधानाला लेखी उत्तर तयार होते. झाडे दाट नाहीत म्हणून ते वन नाही, हा युक्तिवाद आपल्या भागात आजवर फार महागात पडला आहे.

पाहणीत कोणाशी वाद घालू नये, खाजगी कुंपणात शिरू नये आणि स्वतः कोणतेही बांधकाम हटवू नये. सीमेबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून शासकीय मोजणी करून घेण्याची मागणी तहसीलदाराकडे करावी, म्हणजे मोजणीचा खर्च आणि जबाबदारी ही जमीनमालक या नात्याने शासनाकडे राहते.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. अतिक्रमण या एका शब्दाखाली, पन्नास एकरांवर भूखंड पाडून विकणारा आणि त्याच जमिनीच्या कडेला दोन पिढ्यांपासून झोपडी बांधून राहणारा, हे दोघेही येतात. त्यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे, आणि कायदाही तसे करत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) नुसार, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आदिवासी वा पारंपरिक वननिवासी कुटुंबाला वनजमिनीवरून हटवता येत नाही. झुडपी जंगलाच्या निकालातही जुन्या निवासी वाटपांचा विचार केलेला आहे. त्यामुळे तक्रारीत व्यावसायिक वापर, भूखंड पाडून विक्री, भराव आणि खाणकाम यांचा उल्लेख ठळकपणे करावा, आणि गरिबांच्या निवासाचा प्रश्न असेल तर तो वेगळा मांडून पुनर्वसनाची मागणीही त्याच अर्जात लिहावी.

अर्ज कोणाकडे आणि कसा

झुडपी जंगलासाठी पहिला पत्ता उपविभागीय अधिकारी हा आहे. यापुढे या जमिनींवर नवे अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी निकालाने त्यांच्यावरच टाकली आहे. शिवाय २५ ऑक्टोबर १९८० नंतरची, म्हणजे वन संरक्षण कायदा लागू झाल्यानंतरची अतिक्रमणे काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कृती दल नेमून त्याला दोन वर्षांची मुदत देण्यात आली आहे. त्या दलात उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि तालुका भूमी अभिलेखाचे अधिकारी असावेत, असे निकालात आहे. तेव्हा अर्ज या चौघांनाही पाठवावा आणि त्यात आपला खसरा या दलाच्या यादीत आहे काय, असा थेट प्रश्न विचारावा. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि कोणत्याही वनाला लागून नसलेले, वाटप न झालेले तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचाही आदेश आहे. माझ्या मते सामान्य नागरिकाने सर्वाधिक लक्ष याच तुकड्यांकडे द्यावे, कारण शहराच्या कडेला असलेल्या, भूखंड विक्रेत्यांची नजर असलेल्या जमिनी बहुतांशी लहान तुकड्यांच्याच आहेत. आपल्या तुकड्याची भारतीय वन अधिनियमाच्या कलम २९ खालील अधिसूचना निघाली आहे काय, हे उपवनसंरक्षकांना लेखी विचारावे, आणि ती निघेपर्यंत विचारत राहावे.

गायरानासाठी तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरान वाटपावर कडक बंधने आणली आणि पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घातले गेले. गायरान दुसऱ्या कामासाठी द्यायचे असेल तर ते सार्वजनिक प्रयोजनासाठी आणि दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसेल तरच, हे त्याचे सूत्र आहे. म्हणून वाटपाचा प्रस्ताव आल्यास आक्षेपात ‘पर्यायी जमीन शोधल्याचा अहवाल दाखवा’ ही मागणी अवश्य असावी. अतिक्रमण काढण्याचे अधिकार संहितेच्या कलम ५० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, आणि गावठाणातील रस्ते व मोकळ्या जागांसाठी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ लागू होते.

अर्ज एका पानाचा असावा. वर जमिनीचा तपशील, मग नोंद काय आहे, प्रत्यक्षात काय आढळले, कोणत्या तारखेला आढळले, कोणत्या तरतुदीखाली कोणती कारवाई मागतो आहोत आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी, एवढेच पुरे होते. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. टपालाने पाठवल्यास स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तीच तक्रार नोंदवता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी तो तालुका पातळीवर होतो; आधी तालुक्यात अर्ज देऊन, तेथे न सुटलेला विषय जिल्ह्यात नेणे हा योग्य क्रम आहे. वनक्षेत्रात वृक्षतोड, आग किंवा खोदकाम डोळ्यांसमोर चालू असेल तर लेखी अर्जाची वाट न पाहता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तक्रार क्रमांक टिपून घ्यावा.

ग्रामसभेचा ठराव या सर्व अर्जांना बळ देतो. एका नागरिकाचा अर्ज बाजूला ठेवता येतो, परंतु निस्तार पत्रकातील नोंद उद्धृत करून, गायरानाच्या किंवा झुडपीच्या वाटपाला विरोध करणारा ग्रामसभेचा ठराव ही फाईलमधील कायमची अडचण होऊन बसते.

प्रस्ताव येताच हरकत

अतिक्रमणाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, जमिनीचा ऱ्हास कायदेशीर प्रस्तावांतून होतो. रस्ता, खाण, वीजवाहिनी किंवा प्रकल्पासाठी वनजमीन वळती करायची असेल तर प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदवावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. महिन्यातून एकदा तेथे नागपूर जिल्हा निवडून नवे प्रस्ताव पाहण्याची सवय एका गटाने लावून घेतली तरी पुष्कळ काम होते. मंजुरी आधी तत्त्वतः आणि मग अंतिम अशा दोन टप्प्यांत मिळते. आक्षेप पहिल्या टप्प्याआधी पोहोचला तरच त्याचा विचार होण्याची आशा असते. तो शहरातील केंद्रीय प्रादेशिक कार्यालयाला, उपवनसंरक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकाच वेळी द्यावा. भरपाई वनीकरणासाठी कोणती जमीन दाखवली आहे, हेही पाहावे. पर्यायी वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र असल्याशिवाय झुडपी जमीन भरपाई वनीकरणासाठी वापरता येणार नाही, असे निकाल सांगतो.

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी असेल तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. सुनावणीत भाषण करण्यापेक्षा लेखी निवेदन देऊन ते कार्यवृत्तात घेतल्याची खात्री करणे अधिक उपयोगाचे आहे. शहरात आरक्षण बदलायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीसाठी साधारण एक महिना मिळतो. वृक्षतोडीच्या सूचनेची मुदत त्याहून फारच कमी असते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. त्यामुळे हरकतीत झाडांच्या वयाचा पुरावा द्यावा.

तलाव आणि बोड्यांबाबत एक बारकावा आहे. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे मालगुजारी काळातील मामा (माजी मालगुजारी) तलाव त्यांतून निसटतात. अशा तलावासाठी महसुली नोंद, निस्तार हक्क आणि पूररेषा हे मुद्दे वापरावेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराने अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांचे जे झाले, त्यानंतर नाल्याची आणि तलावाची जमीन मोकळी ठेवण्याचे कारण नागपुरात कोणाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

जमिनीला स्वतःचे संरक्षण मिळवून देणे

हरकती घेणे हे बचावाचे काम झाले. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे जमिनीला एखादा कायदेशीर दर्जा मिळवून देणे. नागपूर जिल्ह्यात पेंच आहे, २०१० मध्ये मानसिंगदेव आणि २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले, आणि अलीकडच्या काळात मुनिया व मोगरकसा ही संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित झाली. यांतील संवर्धन राखीव हा दर्जा गावकऱ्यांनी नीट समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली, शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून तो दिला जातो आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. अभयारण्याच्या नावाने गावात जी धास्ती निर्माण होते, ती येथे बरीच कमी असते.

दुसरा मार्ग सामूहिक वनहक्काचा आहे, आणि ज्या गावाच्या शिवारात वन आहे त्याने तो आधी वापरावा, असे माझे ठाम मत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि वनाचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यासाठी ग्रामसभेने वनहक्क समिती निवडावी लागते, ‘क’ नमुन्यात दावा भरावा लागतो, आणि वडीलधाऱ्यांच्या जबान्या, निस्तार पत्रक, जुने नकाशे, देवस्थाने व पाणवठ्यांच्या खुणा असे किमान दोन पुरावे जोडावे लागतात. ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि उपस्थितांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दावा फेटाळला तर लेखी कारणांसह आदेश मागावा, कारण अपील त्याच आदेशावर होते.

जैवविविधता व्यवस्थापन समिती तर कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत असायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आपण जागेवर केलेल्या नोंदी समाविष्ट करून घ्याव्यात, आणि एखादी जागा खरोखर विशेष असेल तर राज्य जैवविविधता मंडळाकडे जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव द्यावा. आलापल्लीच्या जुन्या सागवनाला महाराष्ट्रात प्रथम हा दर्जा मिळाला होता.

न्यायालयाचा मार्ग

वन संरक्षण, पर्यावरण संरक्षण, जल व जैवविविधता या कायद्यांखालील वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे नेता येतो. सर्वसाधारण अर्जाला वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, मंजुरीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस आणि नुकसान पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षे अशा मुदती आहेत; विलंबमाफी मर्यादितच मिळते. गायरानाच्या वाटपाचा किंवा नगररचनेतील आरक्षणाचा वाद मात्र त्या यादीतील कायद्यांखाली येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडेच जावे लागते, आणि वन्यजीव अधिनियमाचे उल्लंघनही हरित न्यायाधिकरणाच्या अनुसूचीबाहेर आहे. हा फरक न कळल्याने चांगली प्रकरणे पहिल्याच तारखेला निकाली निघतात.

जनहित याचिका करण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याकडे निवेदन दिले होते काय, हे न्यायालय विचारते. वर सांगितलेले आवक शिक्क्याचे अर्ज, माहिती अधिकारातील उत्तरे, प्रमाणित नकला आणि तारीखवार छायाचित्रे तेव्हा उपयोगी पडतात. वकील परवडत नसल्यास महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले नागरिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून विनामूल्य साहाय्य मागू शकतात.

अनुकूल आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, उपवनसंरक्षक, भूमी अभिलेख कार्यालय आणि ग्रामपंचायत या सर्वांना आठवडाभरात पोहोचवावी, आणि त्या आदेशाचा फेरफार सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घेण्यासाठी स्वतंत्र अर्ज द्यावा. तीन महिन्यांनी नवा सातबारा काढून ती नोंद आली आहे काय ते तपासावे, आणि आली नसेल तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुन्हा अर्ज करावा.